मन्मथअप्पांची न वाचलेली अट

मन्मथअप्पा बिस्किटाचा पुडा फोडण्याआधी त्याच्यावरचा सगळा मजकूर वाचतात, कारखान्याच्या पत्त्यासकट. लग्नपत्रिका हाती आली की वरच्या देवापासून खालच्या छापखान्यापर्यंत जातात आणि मग विचारतात, "लगीन कुणाचं म्हणालाव?"

अप्पा माझे शेजारी. केजच्या तहसील कचेरीबाहेर त्यांनी अर्जनवीस म्हणून उमर काढली. लोकांचे अर्ज आणि खरेदीखतं लिहून दिली. युसूफ वडगाव या गावचा कुणी अंगठ्याला शाई लावून उभा असे, त्याची बस निघून जाई, पण अप्पा सबंध कागद मोठ्यानं वाचत. शेवटी ठरलेला प्रश्न : "वाचून दाखवला. कबूल हाय?"

न वाचता सह्या करणाऱ्या साहेबांवर त्यांचा विशेष राग. "वाचता येत न्हाई त्याचा अंगठा. येतंय आन् वाचत न्हाई, त्याला काय म्हणावं, गुरुजी?"

गुरुजी म्हणजे मी. मी हसत असे. तेव्हा तो प्रश्न माझ्याबद्दल नव्हता.

अप्पांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, गुडघे दुखायला लागले तेव्हा अप्पांनी दाराला कॅमेऱ्याची घंटी आणली. कोण आलंय ते मोबाइलवर दिसे, बोललेलं ऐकू येई आणि सगळं कंपनीकडे साठवलं जाई. ती चालू करून द्यायला मी बसलो. मोबाइलवर अटी आल्या, इंग्रजीत.

"आधी वाचू," अप्पा म्हणाले.

तासाभरात तिसरं पान आलं. चहावर साय धरली. घंटी वाजवून बघायला काकू दार ओढून बाहेर ताटकळत होत्या. एका शब्दासाठी अप्पा डिक्शनरी आणायला आत गेले आणि मी 'मान्य' या बटणावर बोट ठेवलं.

घंटी वाजली. मोबाइलमधून काकू बोलल्या, "दार उघडा हो. वाचत काय बसलाव?"

अप्पा बाहेर आले ते हसतच. अटींचं पुढं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

काकू जाऊन दोन वर्षं झाली. अप्पा रोज सकाळी कपाळाला विभूती लावून झाली की मोबाइल उघडत आणि काकूंचं साठवलेलं ते एवढंच बोलणं ऐकत. भिंतीपलीकडे मलाही ते पाठ झालं होतं.

गेल्या महिन्यात कंपनीनं जुन्या घंट्यांची सेवा बंद केली आणि साठवलेलं सगळं पुसून टाकलं. अप्पांनी विचारणा केली. उत्तर आलं : तक्रार कोर्टात नेता येणार नाही, कंपनीच्या परदेशी गावी, लवादापुढे, एकट्यानं यावं. ही अट आपण मान्य केलेली आहे.

"मी? कवा?" अप्पा म्हणाले.

मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला. "वाचून दाखवा."

मी मराठी करत वाचत गेलो. लवादाचं कलम शेवटाकडे सापडलं. त्याच्याखाली एक ओळ होती : ही अट नको असेल त्यानं तीस दिवसांत कंपनीला तसं लेखी कळवावं.

अप्पांनी मोबाइल हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली.

"येक अर्जच करायचा व्हता की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर नेहमीच्या ठसठशीत अक्षरातला अर्ज होता. विषय : पत्नीचा आवाज परत मिळणेबाबत. भरपाईबद्दल अक्षरही नव्हतं. अप्पांनी तो मोठ्यानं वाचला. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'सदर अटी अर्जदाराने स्वतः न वाचता मान्य केल्या. चूक अर्जदाराची आहे.'

"अप्पा, हे खोटं आहे."

"तुमी बोट ठिवलं न्हसतं, तर तिचं ते बोलणं घंटीत आलंच न्हसतं."

साक्षीदाराच्या जागी माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं.

"वाचून दाखवला, गुरुजी. कबूल हाय?"