कंट्रोल रूममधला नारळ

इलियासभाई तोंडी परीक्षेत नापास झाले ते पहिल्याच प्रश्नावर. "डीसीएस म्हणजे काय?" असं योगिता मॅडमनी विचारलं आणि साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पात सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या या माणसानं समोरच्या चार पडद्यांकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्या काय, टीव्ह्या." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते कळायला वही वाचायची गरज नव्हती.

कंट्रोल रूमच्या इंजिनिअर योगिता मॅडम इलियासभाईंच्या मुलीच्या वयाच्या, पण नियमाला पक्क्या. जुन्या बॉयलरच्या पाइपजवळ नुसतं उभं राहून इलियासभाई वाफेचा दाब सांगायचे आणि काटा बघितला की तो तेवढाच निघायचा. यंदा मात्र सगळा कारभार डीसीएस नावाच्या संगणकी यंत्रणेवर गेला होता. पास होईल तो कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर, नापास होईल त्याची बदली भुशाच्या यार्डात. यार्डात बॉयलरमध्ये जाळायचा उसाचा भुसा मोजायचा आणि दिवसभर शिंकायचं, एवढंच काम. त्या विचारानं इलियासभाईंना जेवण जाईना. दुसरी आणि शेवटची संधी बॉयलर पेटल्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

पुस्तक इंग्रजीत होतं. तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीनं शिकायचं ठरवलं. मॅडमना विचारून त्यांनी पडद्यामागची एक वायर धरली आणि तिच्या मागोमाग निघाले. टेबलाखालून, फरशीखालून, भिंतीपलीकडे जात जात ती वायर एका गार खोलीत शिरली. तिथं आठ कपाटं बारीक दिवे मिचकावत उभी होती.

"मॅडम, एवढी कपाटं कावून?"

"प्रत्येकाचं काम वेगळं आहे. हे पाणी बघतं, हे भुसा, हे हवा. प्रत्येकाला आपापली अक्कल आहे. पडदा फक्त आपल्याला बघायला आणि हुकूम द्यायला."

"आन् पडदाच बंद पडला तर?"

"ते तुम्ही मला परीक्षेत सांगा," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी त्यांनी हा पेच बायकोपुढे मांडला. जरीना लग्नाच्या दावतींचा स्वयंपाक ठेक्यानं घ्यायची. पाटोद्यापासून तेलगावपर्यंत तिच्या हाताची चव लोकांना माहीत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कांदा चिरता चिरताच निकाल दिला.

"ह्यात काय लई अवघड हाय? आपल्या दावतीत बिर्याणीची देग मतीन बघतो. दालच्याचं पातेलं मुजाहिद बघतो. रोट्या मी बघते. नवरीचा बाप खुर्ची टाकून बसतो, कुठं काय चाललंय बघतो, मीठ वाढवा म्हणतो, जाळ कमी करा म्हणतो. तो घंटाभर गायब झाला तर मतीन देग टाकून पळतो का?"

"न्हाई. शेवटचं जसं सांगितलं असंल तसंच शिजवत राहतो."

"मंग तुमचा पडदा म्हंजी नवरीचा बाप. खावा आता."

इलियासभाई हातातला घास हातातच धरून बसून राहिले. चार महिन्यांच्या शिकवणीत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते चार वाक्यांत शिरलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी ते दोन रोट्या जास्तीच्या जेवले.

बॉयलर अग्निप्रदीपनाला चेअरमन अर्जुनराव सपत्नीक आले. सकाळी विधीप्रमाणे आग पेटली, दुपारपर्यंत वाफेनं चांगला जोर धरला आणि पाहुणे मंडळी नवी कंट्रोल रूम बघायला आली. चेअरमनच्या पत्नी विजयमालाबाईंच्या हातात पूजेचं ताट होतं. बाईंनी चारही पडद्यांना हळदीकुंकू लावलं, माऊसला फूल वाहिलं. मग त्यांनी नारळ उचलला.

"ताई, नारळ तेवढा बाहेर फोडू या," योगिता मॅडम म्हणाल्या.

"बाहेर फोडला तर मशीनला कसा पोचंल, बाई?" विजयमालाबाईंनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत.

नारळ फोडायचं काम चेअरमनचा पुतण्या पप्पू यानं अंगावर घेतलं. मंडपाचा ठेकाही त्याचाच होता. पाच मिनिटांसाठी म्हणून त्यानं मंडपाचा स्पीकर आणि दिव्यांच्या माळा ऑपरेटरच्या टेबलाखालच्या, पडद्यांच्याच विजेच्या बोर्डाला जोडल्या होत्या. मॅडमनी दोनदा सांगूनही त्यानं त्या काढल्या नव्हत्या. पप्पूनं टेबलाच्या कडेवर नारळ आपटला. नारळ एका दणक्यात फुटला आणि त्याचं पाणी नेमकं त्या बोर्डात गेलं. फट् असा आवाज झाला. स्पीकर थांबला, माळा विझल्या आणि चारही पडदे काळे झाले.

"बॉयलर आंधळा झाला, पळा बे," असं ओरडत पप्पू स्वतः सगळ्यांत आधी दाराबाहेर पडला. मंडपात जेवणाची पंगत बसली होती. ती उठली. काही जण ताट घेऊनच पळाले, कारण जिलबी नुकतीच वाढली होती.

अर्जुनराव पळाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते भिंतीवरच्या लाल बटणाकडे धावले. ते बटण दाबलं की बॉयलर जागच्या जागी बंद होणार होता.

"दाबू नगा," विजयमालाबाईंनी त्यांचा सदरा धरला. "पयल्या दिशी इस्तू विझला तर सगळा हंगाम वाया जाईल."

"आन् फुटला तर?"

"साहेब, बॉयलर व्यवस्थित चालू आहे," योगिता मॅडम बोर्डाचं बटण बंद करता करता म्हणाल्या. "फक्त आपल्याला दिसत नाही."

याहून वाईट धीर कोणी कोणाला दिला नसेल. अर्जुनरावांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात इलियासभाई मध्ये आले.

"साहेब, नवरीचा बाप गायब झालाय. आचारी जाग्यावर हायेत."

"कुणाची नवरी?" अर्जुनराव घाबरून म्हणाले.

इलियासभाईंनी अर्ध्या मिनिटात देग, दालचा आणि कपाटं समजावून सांगितली. अर्जुनरावांनी तीन मुलींची लग्नं लावली होती, त्यामुळे त्यांना डीसीएस तिथल्या तिथं कळली. त्यांचा हात खाली आला.

"पर मीठ चाखून कोण बघतंय?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. "मी निघालोच," इलियासभाई म्हणाले. "मॅडम, तुमी बटणापाशी थांबा. मी फोनवर दाबा म्हणलो तर दाबा. दुसऱ्या कुणाचं ऐकू नगा."

गुडघे दुखत असताना ते चार मजले चढून बॉयलरच्या माथ्यावर गेले. तिथं पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि दाबाचा काटा जुन्या पद्धतीचेच होते. फोन आला, "पाणी निम्म्या काचेच्या जरा वर. दाब बावीस." पाच मिनिटांनी पुन्हा तेच आकडे. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा तेच. खाली मॅडमनी एक डोळा बटणावर ठेवून संगणक दुसऱ्या बोर्डाला जोडले. वीस मिनिटांनी कुंकू लागलेले पडदे एकेक करून उजळले. पाणी चोपन्न टक्के, दाब बावीस. बॉयलरनं या सगळ्या गोंधळाची दखलच घेतली नव्हती.

अर्जुनरावांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. इलियासभाई घामाघूम होऊन खाली आले. त्यांनी पहिली गोष्ट विचारली, "मॅडम, उद्या परीक्षेला किती वाजता येऊ?"

"उद्या कशाला? झाली की," मॅडम म्हणाल्या आणि वहीत लिहू लागल्या.

एवढ्यात विजयमालाबाई ताट सावरून उठल्या. इलियासभाईंचं बोलणं सगळ्यांत नीट त्यांनीच ऐकलं होतं.

"म्हंजी खरं मशीन त्या कपाटात हाय," त्या म्हणाल्या, "आन् पूजा झाली टीव्हीची." त्यांनी ताटातला दुसरा नारळ उचलला आणि गार खोलीकडे चालू लागल्या.

इलियासभाई गुडघे विसरून धावले आणि दारात आडवे उभे राहिले. गेल्या दहा वर्षांत विजयमालाबाईंना कुणी अडवलं नव्हतं. अर्जुनरावांनी तर कधीच नाही.

"ऑपरेटरच्या परवानगीशिवाय आत जाता येत न्हाई, ताई."

"मंग बोलवा त्या ऑपरेटरला. मी इचारते."

इलियासभाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी लिहिणं संपवलं, सही केली आणि मान वर न करता म्हणाल्या, "ते काय, दारातच उभे आहेत."

विजयमालाबाईंनी इलियासभाईंना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ऑपरेटरसाहेब," त्या अदबीनं म्हणाल्या, "हा नारळ मी कुठं फोडू?"

"गेटाबाहेर," इलियासभाई म्हणाले, आणि विजयमालाबाई मुकाट्यानं गेटाकडे निघाल्या.