परवडणारी रायफल आणि सहाशे यार्डांवरची थाळी

मॉन्टानातल्या मडस्पून रायफल क्लबच्या नियमावलीतलं अकरावं कलम असं आहे, की उमेदवार सभासदाने एका वर्षाच्या आत सहाशे यार्डांवरच्या पांढऱ्या पोलादी थाळीवर एक तरी गोळी मारून दाखवावी. न जमल्यास त्याचं नाव प्रतीक्षायादीच्या तळाशी टाकण्यात येईल. यादी नऊ वर्षांची होती. शाळेची बस चालवणारा ऑर्लिन स्टेनरुड ती पुरी करून बावन्नाव्या वर्षी उमेदवार झाला होता. पुन्हा तळाशी गेलो तर बासष्टावं लागेल, आणि तोवर थाळी सोडा, समोरची बस तरी दिसेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. मुदत मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत होती.

म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात गावातल्या दुकानातून पाचशे डॉलरची साधी रायफल आणायचं ठरवलं. मात्र आणण्यापूर्वी त्याने विचारलं. चूक म्हणायची तर एवढीच.

विचारण्याची क्लबमध्ये रीतसर सोय होती. 'नवशिक्यांस परवडणारी सामग्री शिफारस उपसमिती' असं तिचं नाव. अध्यक्ष लॉवेल ब्रेके, सदस्य डुएन टफ्टी. नवशिक्याचे पैसे वाया जाऊ नयेत या उदात्त हेतूने ती स्थापन झाली होती, आणि तिची लेखी मंजुरी मिळेपर्यंत उमेदवाराला मैदानावर गोळी झाडायला मनाई होती.

"घे की, पाचशेचीच घे," लॉवेल म्हणाला. "नवशिक्याने रायफलीवर पैसे उधळूच नयेत. दुर्बीण तेवढी नीट घे."

"नीट म्हणजे?"

"रायफलीच्या दुप्पट किमतीची. दिसलंच नाही तर मारणार काय, डोंबल?"

हे पटण्यासारखं होतं. पुढचं प्रत्येक म्हणणंही पटण्यासारखंच होतं, आणि ऑर्लिनचा खरा घात त्यानेच झाला. दुर्बीण भारी, म्हणून ती बसवायच्या कड्या भारी. कड्यांचे स्क्रू हाताने आवळणं अशास्त्रीय, म्हणून मोजून आवळणारा पाना. मग डुएनने रायफलीच्या दस्त्याकडे पाहिलं आणि चेहरा सुतकी केला.

"अरे लेका, असली दुर्बीण या प्लॅस्टिकवर? ट्रॅक्टरला सायकलची चाकं लावलीस की रे!"

दस्ता बदलला. नव्या दस्त्याला जुनी नळी शोभेना, म्हणून नळी बदलली. नाताळपर्यंत मूळ रायफलीतला क्रमांक कोरलेला तेवढा पोलादी तुकडा शिल्लक राहिला. सामग्री अजूनही 'परवडणारी'च होती, कारण नियमावलीत त्या शब्दाची व्याख्या दिलेली होती: अध्यक्षांनी स्वतःच्या सामग्रीवर केलेल्या खर्चाच्या निम्म्यापर्यंतचा कोणताही खर्च. जानेवारीत लॉवेलने स्वतःसाठी नवी दुर्बीण घेतली आणि ऑर्लिनची मर्यादा आपोआप वाढली. त्याबद्दल लॉवेलने त्याचं अभिनंदनही केलं. ऑर्लिनने मासेमारीची बोट विकली.

मग दुकानची काडतुसं एकसारखी नसतात असं निघालं. ती घरी भरायची. त्यासाठी आणलेला तराजू इतका अचूक होता, की कोणी उसासा टाकला तरी काटा हले. आणि त्या घरात त्या हिवाळ्यात उसाशांना तोटा नव्हता.

"हीटर का बंद केलास?" ऑर्लिनच्या बायकोने, मेव्हिसने, विचारलं.

"झोत लागतो. काटा हलतो."

"फेब्रुवारी आहे, ऑर्लिन."

"श्वास जरा तिकडे तोंड करून घेतेस का?"

एप्रिलमध्ये डुएनने पृथ्वीचा मुद्दा काढला. गोळी हवेत असताना पृथ्वी फिरत असते, म्हणून गोळी इंचभर सरकते. त्याचा हिशेब करणारं एक यंत्र मिळतं. ऑर्लिनने ते घरी आणलं.

"पृथ्वी फिरते हे तुला आत्ता कळलं?" मेव्हिस म्हणाली. "मग वीस वर्षं बस थांब्यावर कशी लावत होतास रे बाबा?"

मंजुरी मेच्या शेवटच्या शुक्रवारी आली. नियमानुसार तोवर त्याने एकही गोळी झाडलेली नव्हती.

शनिवारी ट्रकमधून सामान उतरवायला चार खेपा लागल्या. लॉवेल आणि डुएन निरीक्षणाच्या मोठ्या दुर्बिणींमागे खुर्च्या टाकून बसले.

"लॉवेलभाऊ," ऑर्लिन चाचरत म्हणाला, "एक गोळी तुम्ही मारून दाखवता का? वाऱ्याचा अंदाज येईल."

"मारली असती रे. पण माझी नळी नवी आहे, अजून रुळलेली नाही."

"आणि माझी रुळलीय, पण ती आता जपायला हवी," डुएन म्हणाला.

ऑर्लिनने श्वास रोखला, पृथ्वीसाठी इंचभर जागा सोडली आणि चाप ओढला. थाळीला गोळी लागली की टण्ण आवाज येतो. आवाज आला नाही.

"वरून गेली," लॉवेल म्हणाला.

"छे, खालून," डुएन म्हणाला.

"लागलीही असेल राव. वाऱ्याने आवाज खाल्ला असेल."

मतभेद झाल्यास गोळीबार थांबवण्याचं लाल निशाण चढवून नेमबाजाने स्वतः जाऊन पाहावं, असा नियम होता. हातात वॉकीटॉकी घेऊन ऑर्लिन सहाशे यार्ड चालत गेला.

थाळी पांढरीशुभ्र होती. गोळी लागली की रंग उडून करडा डाग पडतो, म्हणून प्रत्येक सरावानंतर थाळी रंगवून मागच्या बाजूला तारीख लिहायची क्लबची पद्धत होती. ऑर्लिनने मागे पाहिलं. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. तिच्याखाली पाकोळ्यांनी मातीचं ऐसपैस घरटं बांधलं होतं. पलीकडच्या मातीच्या बांधावर गवत माजलं होतं. त्यावर गोळीचा एकही जुना ओरखडा नव्हता. म्हणजे अकरा वर्षांत इथे कोणाचा नेम लागला नव्हताच, पण चुकलाही नव्हता. थाळीच्या उजवीकडे दोन फुटांवर बांधात तेवढं एक ताजं भोक होतं. ते ऑर्लिनचं.

तो त्या भोकाकडे पाहत होता. सहाशे यार्डांवरून दोन महागड्या दुर्बिणी त्याच्याकडे पाहत होत्या. आपल्याला थाळी दिसतेय तशी ती त्यांनाही स्वच्छ दिसत असणार, हे त्याला कळलं. मागची तारीख आपण वाचली हे त्यांना कळलंय, हेही कळलं. त्याने बटण दाबलं.

"लागली. उजव्या कडेला."

वॉकीटॉकी खरखरला.

"मला दिसलीच होती," लॉवेल म्हणाला.

"मी तर तेव्हाच म्हटलं!" मागून डुएन ओरडला.

"आणि ऑर्लिन," लॉवेल पुढे म्हणाला, "तिथे खांबाशी रंगाचा डबा असेल बघ. दोन हात मारून टाक."

डब्यातला रंग वाळून दगड झाला होता. ऑर्लिनने खिशातल्या पेनने आजची तारीख तेवढी लिहिली.

तो आता पूर्ण सभासद आहे, आणि अनुभवी म्हणून उपसमितीचा तिसरा सदस्यही. नळी झिजू नये म्हणून त्याने त्यानंतर गोळी झाडलेली नाही. नवशिक्यांचे फोन मात्र रोज येतात. कोणती दुर्बीण, कोणत्या कड्या, कोणता पाना, सगळं ते बारकाईने विचारतात आणि तो तितक्याच बारकाईने सांगतो. तुमचा स्वतःचा नेम लागतो का, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. विचारलं तर ऑर्लिन खरं सांगेल; तो सज्जन माणूस आहे. गेल्या वेळी फ्रिज, फोन किंवा मुलाचं कॉलेज निवडताना तुम्ही ज्यांना विचारलंत, तेही सज्जनच असणार.