काकासाहेब चालायला निघतात

"महिनाभरात साखर खाली आणून दाखवतो! न्हाई आणली तर जन्मभर गोळ्या गिळीन!" काकासाहेबांनी कुंभार पिंपळगावच्या भर बाजारात जाहीर करून टाकलं.

परतूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून दोन रस्ते सांगितले होते. एक तर आजपासून गोळी, नाहीतर महिनाभर गोड बंद आणि रोज चार किलोमीटर चालणं! गोळी म्हणजे म्हातारपणाचा दाखला, असं काकासाहेबांचं पक्कं मत. बायको दुर्गाबाई तीन वर्षांपासून बीपीची गोळी घेत होत्या, तर हे रोज चिडवायचे, "म्हातारी झालीस तू!" आता स्वतःवर ती पाळी येऊ नये, या धास्तीनं चौसष्टाव्या वर्षी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ते सकाळी निघाले.

पण आपल्याकडं बिनकामाचं कोणी चालतं का? गावाबाहेर पडतात न पडतात तोच संपतची फटफटी शेजारी थांबली.

"काका, यष्टी हुकली का?"

"न्हाई रे, चालून राह्यलो."

"आन् मी असताना? बसा जल्दी!"

"अरे, डॉक्टरनं सांगितलंय..."

"डॉक्टरकडं जायचंय? मंग आधी सांगायचं ना! बसा, बसा!"

न बसावं तर पोराला वाटणार, काकांना आपल्या जुन्या गाडीची लाज वाटली. बसले! संपतनं आधी मळ्यात नेलं. तिथं त्याच्या आईनं दाट, गोड चहा पुढं केला. नको म्हणताच तिचं तोंड उतरलं. "आमच्या घरचा चहा चालत न्हाई का, भाऊजी?" या प्रश्नाला आजवर कोणाला उत्तर सापडलेलं नाही. काकासाहेबांनी दोन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्ता बदलला, तर कडूबाची बैलगाडी भेटली. तिसऱ्या दिवशी पुंजारामनं त्यांना उसाच्या ट्रॅक्टरवर चढवलं, ते थेट अंकुशनगरच्या कारखान्यावरच उतरवलं! काकासाहेब घरी पोचले दुपारी एकला. तोवर गावानं निकाल लावला होता. "गोळ्यांवरून भांडण झालं, काकासाहेब घर सोडून गेले!" शेजारची सोनूबाई तर डोळे पुसतच आली होती.

"बोलून गेल्ते का न बोलताच?"

दुर्गाबाईंचा पारा चढला. "उद्यापासून मी संगं येणार! लोकांना दिसू द्या, भांडणबिंडण काही न्हाई!"

तेव्हापासून दोघं जोडीनं निघू लागले. पण मागून गाडी यायची ती यायचीच, आणि फटफटीवर मागं जागा एकाची! परक्याच्या मागं दुर्गाबाईंनी बसणं शक्यच नव्हतं. "तू ये सावकाश," असं म्हणून काकासाहेब भुर्रकन पुढं जायचे. दुर्गाबाई पदर खोचून मागून चालत. कोणत्या मळ्यात चहा पीत बसलेत ते हुडकायचं, दुसऱ्या कपाच्या आत उठवायचं आणि घराकडं वळवायचं! वळवलं की वाटेत पुन्हा कोणाची तरी गाडी थांबायची.

"आज सहा किलोमीटर झाले!" काकासाहेब रात्री जेवताना सांगायचे.

"चाकानं झाले!"

"चाक फिरलं काय न् पाय फिरला काय, माणूस घराबाहेर पडला ना?" आणि हे ते मनापासून म्हणायचे, बरं का!

महिना संपला. परतूरला डॉक्टरांनी आधी दुर्गाबाईंचा बीपी मोजला. खात्री होईना म्हणून पुन्हा मोजला.

"बाई, कमाल केली! आता गोळी अर्धीच घ्या."

मग त्यांनी काकासाहेबांचा रिपोर्ट उघडला आणि चष्मा काढून ठेवला.

"काकासाहेब, साखर वाढलीय. चालत होता ना?"

"बिलकुल! एक दिवस खाडा न्हाई! गावाला विचारा!"

डॉक्टरांनी दुर्गाबाईंकडं पाहिलं.

"हे रोज निघत होते, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "चालत मी होते."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. काकासाहेबांनी ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, घसा खाकरला आणि शेवटचा प्रयत्न केला.

"डॉक्टर, घर एकच हाय, निघत होतो तेबी संगंच. मंग हिचं चालणं दोघांत निम्मं-निम्मं धरता येत न्हाई का?"