रक्तशुद्धी केंद्राचा पहिला लाभार्थी

एका जंगलात, मुलांनो, तसं सगळं होतं. सिंहाचं राज्य होतं. राज्याला सचिव होता. सचिवाला जीप होती. फक्त ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यांच्यासाठी काही नव्हतं. पण अशांनी गपगुमान मरून जायचं ही तिथली जुनीच रीत असल्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते कोंडिबा गव्याचं.

मूत्रपिंडं म्हणजे पाठीत दोन बाजूंना बसवलेल्या दोन चाळण्या. रक्तातली घाण आणि अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर टाकायचं, हे त्यांचं काम. कोंडिबानं गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं एका वैदूच्या पुड्या खाल्ल्या. गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले, चाळण्या मात्र बंद पडल्या.

मग काय! आठवड्यातून तीनदा दोन डोंगर ओलांडून शेजारच्या जंगलात जायचं. पुढच्या पायात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या. चार तास पडून राहायचं. यंत्र रक्त बाहेर काढणार, धुणार आणि परत आत सोडणार. यालाच डायलिसिस म्हणतात. एक पाळी चुकली की पाय सुजायचे, धाप लागायची. लागोपाठ दोन चुकल्या तर जिवाशी गाठ. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. एवढा डोंगरासारखा गवा आणि दिवसाला पाच वाट्या! नदीकाठानं जाताना कोंडिबा तोंड फिरवून चालायचा.

एके दिवशी सिंहमहाराजांना त्याची दया आली. निवडणूक जवळ आली की त्यांना अशी दया यायची. जंगलात यंत्र आलं. ते चालवायला शिकून आलेली टिटवी सिस्टर आली. खोलीच्या दाराला लाल फीत लागली आणि यंत्र तीन महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं गेलं. बिघाड काहीच नव्हता. उद्घाटनाला महाराजांची तारीख मिळत नव्हती.

"अहो, समोर माणसं... आपलं, जनावरं मरतायत," टिटवी सिस्टर सचिव कोल्ह्याला म्हणाली. "मी यंत्र सुरू करते. फीत मागाहून कापा."

"आधीच सुरू केलंत तर महाराजांनी येऊन काय करायचं?" कोल्हा म्हणाला. माणूस तर्कशुद्ध होता. म्हणजे कोल्हा.

शेवटी गुरुवारची तारीख मिळाली. कोल्हा जीपमधून स्वतः कोंडिबाच्या दारात उतरला.

"कोंडिबा, आपल्या केंद्राचे पहिले लाभार्थी तुम्ही. गुरुवारी शेजारच्या जंगलात जायचं नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी रंगीत तालीम आहे."

"पर सायेब, माझ्या दोन्ही पाळ्या..."

"गुरुवारी होणारच आहे की. तेही घरच्या घरी!"

कोंडिबाची बायको गोदा हरखून गेली. नवऱ्याचं डोंगर चढणं वाचणार होतं. तिनं त्याचं अंग घासूनपुसून लख्ख केलं. मंगळवारी तालमीत कोंडिबाला खाटेवर अकरा वेळा निजवलं आणि अकरा वेळा उठवलं. बुधवारी त्याच्या पायांना सूज चढली. गुरुवारी सकाळी नऊला तो खाटेवर येऊन पडला, तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं.

महाराज नऊला यायचे होते. ते अडीचला आले. हे मी सांगायला नको होतं, तुम्ही ओळखलंच असेल.

मधल्या वेळात एक गोष्ट घडली. डायलिसिसच्या एका पाळीला शेकड्यानं लिटर गाळलेलं, शुद्ध पाणी लागतं. टिटवी सिस्टरनं दोन दिवस खपून टाकी भरली होती. बाराच्या सुमाराला पाहते तर टाकी कोरडी ठणठणीत, आणि मंडपापुढच्या अंगणात गारेगार सडा!

"महाराजांच्या आयाळीत धूळ जाते," कोल्हा म्हणाला.

"आता यंत्र चालणार कसं?"

"चालायला कुठं हवंय, सिस्टर? दिसायला हवंय. नळ्या नुसत्या वरून चिकटवा आणि पळसाच्या फुलांचा रंग सोडा. लाल दिसलं की झालं."

टिटवी धावत कोंडिबाच्या कानाशी गेली. "काका, आज इथं काही होणार नाही. आत्ता निघालात तर पलीकडची संध्याकाळची पाळी सापडेल. जीप मागते मी. उठा!"

कोंडिबा खरंच उठला. पण गोदानं त्याला थांबवलं. "अवं, राजानं मान द्याया बोलावलंय. पाठ फिरवून गेलो तर उद्या आपल्या पोराबाळांना कुरणात चरू देत्याल का? घटकाभराचा परश्न हाय."

कोंडिबाला ते पटलं. तो पुन्हा आडवा झाला. जीप तशीही मिळाली नसती. ती महाराजांना आणायला गेली होती.

महाराजांनी फीत कापली आणि भाषण केलं. "आमच्या आजोबांनी गवे खाल्ले. वडिलांनी गवे खाल्ले. आम्ही मात्र गव्यांचं रक्त शुद्ध करतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गव्यांनी जास्त टाळ्या वाजवल्या.

मग लाभार्थ्याचा सत्कार. आजाऱ्याला शहाळं द्यायचं, ही तर आपली थोर परंपरा. अकरा शहाळ्यांची टोपली आली. महाराजांनी एक उचलून कोंडिबाच्या तोंडाशी धरलं.

"देऊ नका!" टिटवी किंचाळली. "शहाळ्यातले क्षार चांगली मूत्रपिंडं बाहेर टाकतात. यांची बंद आहेत, दोन पाळ्या चुकल्यात! ते रक्तात साठले की काळीज थांबतं!"

"शहाळं पिऊन कधी कुणी मेलंय का?" कोल्हा हसला. सगळा मंडप हसला. टिटवी ओरडायचीच, असं म्हणून तिला बाहेर काढलं.

कोंडिबाला हे सारं ठाऊक होतं. पलीकडच्या डॉक्टरांनी त्याला दहादा बजावलं होतं. पण समोर राजाचा पंजा होता, पंजाला नखं होती, आणि खरं सांगायचं तर घशाला वर्षाची कोरड होती. तो प्यायला. इतकं गोड लागलं की त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"महाराज, आपले डोळे मिटले," फोटोग्राफर माकड म्हणालं. "पुन्हा एकदा!"

दुसरं शहाळं फोडलं. त्या फोटोत कोल्हा आला नाही. तिसऱ्यात शिंग आडवं आलं. चौथ्यात महाराजांना आपली हनुवटी आवडली नाही. पाचवा फोटो झकास आला.

"गोदे, पाय उचलंना गं," कोंडिबा म्हणाला.

गोदानं हाका मारल्या. तोवर गाड्या निघाल्या होत्या. कोंडिबाचं काळीज आधी अडखळलं आणि मग थांबलं. दिवस अजून मावळायचा होता.

उरलेली सहा शहाळी सन्मानानं गोदाच्या घरी पोचवण्यात आली. तिनं ती एकेक करून खुराखाली फोडली. फोडताना ती राजाला शिव्या देत होती, आणि त्याहून जास्त स्वतःला.

बेशिस्त वर्तनाबद्दल टिटवी सिस्टरची बदली झाली. यंत्रावर पुन्हा प्लास्टिक चढलं, कारण चालवणारं कुणी उरलं नव्हतं. केंद्राचा अहवाल मात्र वेळेत गेला. त्यात कोल्ह्यानं लिहिलं होतं : 'पहिल्या लाभार्थ्यास पुन्हा डायलिसिसची गरज भासली नाही.'

तात्पर्य : मोठ्यांनी प्रेमानं दिलेलं कधी नाकारू नये, मुलांनो. नाकारणारे उद्धट ठरतात आणि उगाच जगत राहतात. न नाकारणाऱ्यांचा फोटो छान येतो.