दुपारी विहीर झोपते

आमच्या वार्डातली विहीर दुपारी झोपत असे. बारा वाजले की मैनाबाई तिच्या तोंडावर दोन फळ्या टाकत, त्यावर गोणपाट अंथरत आणि स्वतः त्यावर बसत. तीनपर्यंत कुणी बादली घेऊन आलं की एकच उत्तर, "विहीर झोपून राह्यली हाये." तिलाही आराम लागतो, झोपेतच तिचं पाणी भरतं, असं त्यांचं म्हणणं. चांद्याच्या उन्हाळ्यात तीन वाजता फळ्या काढल्यावर पाणी खरंच हातभर वर आलेलं असायचं, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. तहसील कचेरीचा चपराशी एकदा साहेबांचा हंडा घेऊन आला. त्यालाही त्यांनी बसवून ठेवलं. तो तिथेच डुलकी काढून, ताजातवाना होऊन गेला.

मैनाबाईंचे यजमान कोळशाच्या खाणीत होते. ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. विहीर सरकारी. तिच्यावर यांची नेमणूक कुणी केली हे वार्डात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी राहायचो आणि दुर्दैवाने कॉलेजात कारकून होतो. कॉलेज नवीन निघालं तेव्हा वार्डाला फार अभिमान वाटला. मूल, सिंदेवाही, थेट सिरोंच्याहून पोरं आली. मग ती वाढतच गेली. एका बिऱ्हाडाच्या जागेत चार विद्यार्थी मावतात, हे घरमालकांच्या लक्षात आलं. रहीमभाई कल्हईवाल्यांना कित्येक वर्षांची खोली सोडावी लागली; भाता, भांडी आणि लेकरं घेऊन ते गावाबाहेर झोपडीत गेले. वार्डातलं दूध चहाच्या टपऱ्यांकडे वळलं. मैनाबाई याबद्दल मला जबाबदार धरत. रहीमभाईला काऊन हाकललं, असं त्या मला रोज सकाळी विचारत आणि मी रोज सकाळी मान खाली घालून कामावर जाई.

पोरांना त्या गावाच्या नावाने हाक मारत. मूल, सिंदेवाही, सिरोंचा. पोरं नेमकी बाराच्या ठोक्याला बादल्या घेऊन येत आणि भांडण सुरू होई. सिरोंच्याचा पोरगा चिडला की तेलुगूत भांडायचा, मैनाबाई आपल्या बोलीत. दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द कळत असावा, कारण कुणीच मागे हटत नसे.

मग कॉलेजने वार्डातल्या मैदानावर वसतिगृह बांधायचं ठरवलं. या मैदानात आमचं धान वाळायचं, गुरं बसायची. पाणी आमच्याच विहिरीचं, उपसायचं इंजिन लावून. प्रिन्सिपॉलसाहेब नागपूरचे, भले गृहस्थ. त्यांनी वार्डाची सभा बोलावली आणि विद्येच्या महतीवर अर्धा तास बोलले. नंतर मैनाबाई उठल्या.

"पोट्टे किती?"

"साठ."

"आंघोळ करतेत?"

"करतात ना."

"रोज?"

"अर्थात, रोज."

मैनाबाई वार्डाकडे वळल्या. "आयकलं?" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. सभा तिथेच संपली.

इंजिन मात्र आलं. त्या दिवशी मैनाबाई बाराला फळ्यांवर बसल्या त्या तीनला उठल्याच नाहीत. तीन दिवस त्या तिथेच होत्या. बायका भाकर आणून द्यायच्या आणि स्वतः नदीवरून पाणी वाहायच्या. चौथ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेब एकटेच आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"साहेब, पोट्टे शिकले पायजे," मैनाबाई म्हणाल्या. "पण आमाले उठवून नाई. तुमची विहीर तुमी खोदा."

साहेब आले तसे परत गेले. दुसऱ्या दिवशी इंजिन गेलं. पुढे संस्थेला मूलच्या रस्त्यावर जागा मिळाली, तिथे खोदलेल्या विहिरीला पाणी लागलं, वसतिगृह झालं. पोरं ट्रंका घेऊन तिकडे गेली. खोल्या रिकाम्या झाल्या, रहीमभाई वार्डात परत आले. वार्डाने मैनाबाईंना लुगडं दिलं. ते त्यांनी घडीही न मोडता ठेवून दिलं.

आता विहीर दुपारीही भरलेली असे. बाराला त्या फळ्यांवर बसत, पण बादली घेऊन कुणी येत नसे. रहीमभाईंबद्दल विचारायचंही उरलं नव्हतं, त्यामुळे माझ्याशी त्यांचं बोलणं जवळपास बंदच झालं. महिनाभराने एका रविवारी त्यांनी मला बैलांची रेंगी जुंपायला सांगितली.

"त्याईच्या विहिरीले पाणी कसं लागलं, ते पाहून येतो," त्या म्हणाल्या.

वाटभर मैनाबाई त्या न पाहिलेल्या विहिरीची नालस्ती करत होत्या. पाणी मचूळच असेल, पोट्टे तिला भरदुपारी उपसत असतील, असं बरंच काही. रेंगी पोचली तशी पोरं धावत आली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा ठेवला. सगळे रांगेने पाया पडले. सिरोंच्याच्या पोराने स्वतः पाणी शेंदून त्यांना दिलं. मैनाबाईंनी ते चाखून मचूळ ठरवलं, दोराला नावं ठेवली, कठडा ठेंगणा आहे म्हणाल्या. हो बाई, खरं आहे बाई, असं पोरं माना डोलवून म्हणत राहिली. सिरोंच्याने तर कठडा वाढवून घेऊ म्हणून शब्द दिला, तोही शुद्ध मराठीत.

परतताना रेल्वेचं फाटक आलं.

"एकबी पोट्टा भांडला नाई," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मान ठेवतात आता तुमचा."

"म्हून तं," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत बैलांच्या शेपट्यांकडे पाहत राहिल्या.