बेल असताना दार वाजवणारे आनंदातात्या

माझ्या दाराला बेल होती. आनंदातात्या चौगुल्यांनी ती एकदाही दाबली नाही. ते मधलं बोट वाकवायचे, दारावर दोनदा ठोकायचे आणि कान पुढे करून थांबायचे. दार उघडण्याची त्यांना घाई नसायची. आतून आवाज कसा येतो, ते त्यांना ऐकायचं असायचं.

ती बेल मी त्यांच्यामुळेच बसवली होती. पूर्वी ते कडी, चौकट, खिडकीची काच असं सगळं वाजवत आत यायचे आणि माझ्याच घराची तब्येत मला सांगायचे. बेल लागल्यावर तरी हे थांबेल असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी बेलच्या डबीवर टिचकी मारली. "प्लॅस्टिक हाय, मास्तर. रिजेक्ट."

तात्यांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गेली. ओतलेला भाग थंड झाला की तो त्यांच्या टेबलावर यायचा. छोट्या हातोडीनं ते त्याला टोला द्यायचे. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर. मग बाहेरून तो कितीही गुळगुळीत असो, तात्या म्हणायचे, "रिजेक्ट," आणि साहेबसुद्धा पुढे काही बोलायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर हातोडी कारखान्यात राहिली, सवय तेवढी शिवाजी पेठेत आली. कलिंगड, माठ, तालमीच्या पायरीची नवी फरशी, हॉटेलातली मिसळीची प्लेट, काहीही सुटायचं नाही. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो होतो. पोहे आले आणि तात्यांनी बशा वाजवायला घेतल्या. मुलीचे वडील घाबरले. "पावणं, काय चुकलं का आमचं?"

"न्हाय, न्हाय. पोरगी पास हाय. ही एक बशी तेवढी रिजेक्ट."

लग्न झालं. त्या सुनेनं तात्यांना चहा कायम स्टीलच्या पेल्यातून दिला.

'रिजेक्टतात्या' हे नाव मी ठेवलं. कट्ट्यावर बशीला टिचकी मारून त्यांची नक्कल करायचो, आणि पेठ पोट धरून हसायची. आता मी ऐंशीच्या घरात आहे. ज्यांनी त्या नकला पाहिल्या त्यांना उरलेली गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती माझ्याइतकी पुरती कोणाला ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर बरेच महिने तात्या सकाळी डबा घेऊन शिरोलीच्या बसस्टॉपवर जायचे. बस यायची, जायची, ते घरी परतायचे. बायको गेलेली, मुलगा पुण्यात. मी एकदा हटकलं तेव्हा म्हणाले, "पायास्नी अजून सांगितलं न्हाय, रिटायर झालोय म्हणून."

अशाच एका सकाळी ते धापा टाकत माझ्याकडे आले. समोरच्या खोलीत सुशीलाआक्का एकट्या राहायच्या. त्यांच्या दाराची चौकट वाजवायला तात्या गेले होते.

"मास्तर, चला लवकर. आक्का बद्द वाजत्यात."

"चौकट?"

"चौकट न्हाय ओ. आक्का. आतनं 'कोण' म्हणाल्या. त्यो 'कोण' बरोबर न्हाय."

आम्ही दार ढकललं. आक्का तापानं फणफणून पडल्या होत्या. घरात चूल पेटल्याची खूण नव्हती. रिक्षा, डॉक्टर, मग पेज आणि दूध. हळूहळू आक्का उठून बसल्या आणि तात्यांवर खेकसल्या, "दूध नासकं आणलाईसा काय?" तात्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मुलगा पुण्याहून आला.

"मास्तर," म्हणाले, "काम घावलं."

दुसऱ्या दिवसापासून बसस्टॉप सुटला. दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारेचं दूध किटलीत घ्यायचं आणि गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारं वाजवत सुटायचं. मारुती पैलवान आतून ओरडायचा, "अजून मेलो न्हाय, फुडं चल." तात्या खूश. "पास." आवाज खणखणीत नसला की किटली खाली ठेवून बसायचे. मग गोळ्या सापडायच्या, लाइटचं बिल भरलं जायचं, सुनेची तक्रार ऐकली जायची. दुधाच्या पैशांचं कोणी काढलं की त्यांना ऐकू यायचं नाही. एवढा तिखट कानाचा माणूस, पण त्या वेळी ठार बहिरा.

मात्र जुना शब्द सोडायचा त्यांनी निश्चय केला. "लोखंड रिजेक्ट झालं तर परत भट्टीत जातंय, नवं हून येतंय. माणसाची तशी सोय न्हाय. तवा ह्यो शब्द आता बंद." बंद करणं सोपं नव्हतं. शब्द ओठावर यायचा, ते गिळायचे. मिसळ बिघडलेली असली तरी "रि… राहू दे," आणि मुकाट्यानं पाव मोडायचे. त्यांचे हाल बघायला आम्ही मुद्दाम वाईट चहाच्या हॉटेलात जायचो.

माझी बायको गेली आणि माझंही दार त्यांच्या वाटेत आलं. मी अंथरुणातूनच मोठ्यानं सांगायचो, "मी एकदम बरा आहे." बाहेर किटली खाली ठेवल्याचा आवाज. मग दार ढकलून तात्या आत. "वरनं पॉलिश केलंय, मास्तर. सरका जरा." आणि माझा चहा तेच टाकायचे. त्या दिवसांतही संध्याकाळी कट्ट्यावर मी त्यांची नक्कल करत होतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी दार वाजलं नाही. आधी मला दूध आलं नाही याचाच राग आला. मग चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाला त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्या दाराशी मी कधी गेलोच नव्हतो. जायची वेळच आली नाही, तेच यायचे. मधलं बोट वाकवलं. दोनदा ठोकलं.

"व्हय… कोण हाय?"

मला त्यांच्यासारखा कान नाही. तरी कळलं.

तात्या खाटेवर बसले होते. सदरा घातलेला, डोक्याला टोपी, रिकामी किटली मांडीवर. ताप नव्हता.

"काय झालं?"

"काय न्हाय." किटलीच्या कडीशी त्यांचा चाळा चालला होता. "म्हटलं, आज बघू तरी. आपलं दार कोण वाजवतंय का."

मी शेजारी बसलो. गल्लीतून आक्कांचा आवाज येत होता, दूधवाला अजून कसा आला नाही म्हणून.

"मग?" तात्यांनी विचारलं. "कसा वाजलो?"

"बद्द."

ते हसले. "म्हंजे रि…"

"राहू दे," मी म्हणालो आणि किटली उचलली.

त्या दिवशी मी बेल काढून टाकली. आता सकाळी पहिलं दार त्यांचं असतं आणि ते मी वाजवतो. आतून आवाज येतो, "उठलोय की मास्तर. दार मोडतासा काय?" खणखणीत. मग आम्ही दोघे किटली घेऊन दूध कट्ट्याकडे निघतो.

कधीकधी तो आवाज जरा जास्तच खणखणीत असतो. वरून पॉलिश केलेलं मला आता ओळखू येतं. मग मी आत जातो, "सरका जरा" म्हणतो आणि चहा टाकतो.