सर्व सोयींनी युक्त शिकार

शिकार हा मुळात गप्प बसण्याचा उद्योग आहे, आणि मराठी माणसांचा ग्रुप हा गप्प न बसण्याचा. या दोन गोष्टी एकाच तंबूत आणण्याचं धाडस अमेरिकेतल्या प्लेनो शहरातल्या अकरा मराठी कुटुंबांनी केलं, त्याची कुठेतरी नोंद असायला हवी.

सुरुवात ड्रायरने केली. शनिवारची दुपार होती, निधी (वय वर्षं पाच) झोपली होती, घरात कधी नव्हे ती शांतता होती, आणि देवयानी चहाचा कप तोंडाला लावणार तेवढ्यात ड्रायरने कपडे वाळल्याची पिपाणी वाजवली. निधी उठली. चहा राहिला. मग देवयानी घड्या घालत बसली आणि तिचा नवरा सुशांत शेजारी बसून (घड्यांना हात न लावता) आदल्या दिवशीची हकिगत सांगू लागला. ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्राने त्याला हरणाच्या शिकारीला नेलं होतं.

"चार खांबांवर लाकडी खोकं असतं अगं. आपलं मचाणच. त्यात चार तास बसायचं. बोलायचं नाही, फोन नाही, चहा नाही. छळ आहे यार नुसता."

देवयानीच्या हातातला मोजा हातातच राहिला.

"चार तास कुणी काही मागितलं नाही?"

"कोण मागणार? हरीण?"

या एकाच हकिगतीतून नवराबायकोने दोन वेगळे निष्कर्ष काढले. सुशांतचा निष्कर्ष असा की शिकारीत सोयींचा फार अभाव आहे. देवयानीचा निष्कर्ष असा की आपल्याला तिथे जायचंय. तो तिने कुणाला सांगितला नाही, मोज्यांच्या जोड्या लावत राहिली.

सोयींचा अभाव दिसला की मराठी माणूस समिती नेमतो. अध्यक्षपदी सुशांतचा मित्र अवधूत आला. मार्गदर्शक म्हणून अवधूतचे वडील जगन्नाथकाका आले, जे पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आले होते आणि पाचव्याच आठवड्यात कंटाळले होते. आयुष्यभर सरकारी दौरे केलेल्या या माणसाने पहिल्याच बैठकीत सांगितलं, की शिकार होवो न होवो, आंघोळीचं गरम पाणी झालंच पाहिजे. हा ठराव एकमताने मंजूर झाला. हरणाचा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

पुढच्या बैठकीआधी सभासदांचं मत मागवलं गेलं. एकूण चौतीस माणसं. हरीण मारावं, असं म्हणणारे चार (पैकी दोन गुरुवारी शाकाहारी). मारू नये, असं म्हणणारे नऊ. "आधी टॉयलेटचं काय ते सांगा," असं म्हणणारे एकवीस. लोकशाहीत बहुमताचा आदर करावा लागतो.

त्यामुळे तळाचा आराखडा पुढीलप्रमाणे ठरला: जनरेटर दोन, शेगड्या तीन, हवेच्या गाद्या तीस, मिक्सर एक (चटणीसाठी), त्याच्या आवाजाने हरणं बिथरू नयेत म्हणून मिक्सरला रजई एक, इडलीपात्र, क्रिकेट बघायला प्रोजेक्टर, आणि तंबूबाहेर चपला काढण्यासाठी वेगळा छोटा तंबू. बंदुका चार. बंदुकांची पेटी ठेवायला जागा उरेना, तेव्हा ती, ज्या रँचवर (म्हणजे खाजगी माळरानावर) तळ पडणार होता तिचे मालक डेल यांच्या ट्रकमध्ये ठेवावी असं ठरलं. डेल हे सत्तरीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि, तुम्ही इथे कायमचे राहायला येताय का, एवढंच विचारलं.

सोयीचा एक गुणधर्म असा, की ती कुणालातरी करावी लागते. म्हणून अवधूतने कामांचा ऑनलाइन तक्ता करून सगळ्यांना पाठवला. एकूण एक्केचाळीस कामं. त्यातल्या एकोणतीस कामांपुढे बायकांची नावं होती आणि उरलेल्या बारांपुढे "सगळे" असं लिहिलं होतं. ("सगळे" म्हणजे कोण, हे आपल्याकडे फोड करून सांगावं लागत नाही.) देवयानीकडे दोन्ही दिवसांचे पोहे होते, चौतीस माणसांचे.

तक्त्याच्या अगदी तळाशी मचाणाचा रकाना होता. त्यात रविवारी पहाटे साडेपाच ते साडेनऊपुढे देवयानीने स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं होतं. अवधूतला वाटलं, चुकून पडलंय. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं. देवयानी लग्नाआधी पुण्यात एका बँकेचा डेटाबेस सांभाळत असे, ही गोष्ट समितीला ठाऊक नव्हती. (सुशांतला होती, पण त्याला आठवायला वेळ लागला.) तिसऱ्या वेळी तिने नाव लिहिलं आणि त्या रकान्याला पासवर्ड घातला.

अवधूतचा फोन आला. "वहिनी, तुम्ही हरीण मारणार?"

"नाही. बसणार."

"नुसत्या?"

"नुसती."

समितीपुढे असं प्रकरण यापूर्वी आलं नव्हतं. जगन्नाथकाकांनी रात्रभर विचार करून लेखी अभिप्राय दिला: "अर्जदाराच्या बसण्यास हरकत नाही. तथापि सदर कालावधीतील पोह्यांची पर्यायी व्यवस्था अर्जदाराने स्वतः करावी."

अर्जदाराने केली. आठवडाभर निधी झोपली की कांदे चिरले, मिरच्या चिरल्या, शेंगदाणे सोलले, पिशव्या भरून त्यांवर क्रमांक घातले. मोहरी, हळद, हिंग एका डब्यात, डब्यावर चिठ्ठी. मग सुशांतला समोर बसवून पोहे शिकवले. त्याने दोन वेळा मान हलवली आणि, पोह्यांत काय एवढं, इंजिनिअर आहे मी, असं म्हणाला. चार तास नुसतं बसण्यासाठी तिला एकूण चौदा तास उभं राहावं लागलं. हा भाव काही फार चढा नाही असं तिने स्वतःला सांगितलं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तळ पडला आणि तो इतका उत्तम पडला की बोलायची सोय नाही. शनिवारी पहाटे शिकाऱ्यांनी तंबूबाहेर डोकं काढलं, थंडी आहे असं ठरवलं आणि ते गादीवर परत गेले. मग चहा झाला. मग पोहे. मग उरलेल्या पोह्यांबरोबर पुन्हा चहा. दहा चाळीसला शिकारी निघाले तेव्हा डेल म्हणाले, आता हरणं झोपायला गेली. शिकाऱ्यांना हरणांचं म्हणणं पटलं. त्यांनीही तेच केलं. दिवसभरात चहाचे एकशे बारा कप झाले. हरीण एक दिसलं, प्रोजेक्टरवर, जाहिरातीत.

रविवारी पहाटे देवयानी उठली. फोन मुद्दाम उशीखाली ठेवला. डेल तिला टॉर्च दाखवत मचाणापाशी घेऊन आले. हिला गोळी झाडायचीच नाही, हे ऐकल्यावर त्यांनी बंदूक ट्रकमध्येच राहू दिली आणि म्हणाले, मीसुद्धा तीस वर्षं याचसाठी येतोय, फक्त बायकोला सांगू नका. मग ते तळावर चहाला गेले. त्यांना आल्याच्या चहाची सवय लागली होती.

खोक्यात एक खुर्ची होती. देवयानी बसली.

कुणी काही मागितलं नाही. पहिली काही मिनिटं तिचे कान सवयीने आवाज शोधत राहिले, जिना उतरणाऱ्या पायांचा, "आई, झालं" असा. मग तेही दमले. खिडकीतून गवतावरचं धुकं दिसत होतं, आणि त्या धुक्याला तिच्याकडून काहीही नको होतं. आपण श्वास घेतो तेव्हा थोडा आवाज होतो, हे तिला पाच वर्षांनी पुन्हा कळलं.

हे एकोणीस मिनिटं टिकलं.

विसाव्या मिनिटाला शिडी वाजली. खाली डेल होते आणि वर चढत होती निधी, पायजम्यावर जाकीट घालून, हातात चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत इंजिनिअरने लिहिलं होतं, "मोहरी कुठे आहे?" डेलनी हात वर करून आपला नाइलाज कळवला आणि ते ट्रकपाशी जाऊन उभे राहिले.

देवयानीने चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली. निधीला मांडीवर घेतलं, शाल दोघींभोवती गुंडाळली आणि ओठांवर बोट ठेवलं. निधीनेही ठेवलं. आश्चर्य म्हणजे ती खरंच गप्प बसली. तिचे पाय गार पडले होते. देवयानीने ते तळहातांत धरले.

तेवढ्यात धुक्यातून हरीण आलं. हरीण नव्हे, हरिणी, मागे पिल्लू. हरिणीने गवताला तोंड लावलं की पिल्लू तिला ढुशी देई. ती चार पावलं पुढे जाई, तेही चार पावलं जाई आणि पुन्हा ढुशी देई. शेवटी हरिणीने खाणं सोडून मान वर केली आणि दूर कुठेतरी नुसतं बघत राहिली. ती नजर देवयानीला ओळखीची वाटली.

तिकडे तळावर जनरेटर सुरू झाला. रजईतला मिक्सर घरघरला. वाऱ्याबरोबर करपलेल्या कांद्याचा वास आला, आणि त्यामागून एकेक करत हाका: "वहिनीऽ", "अगं देवयानीऽ", आणि जगन्नाथकाकांची, खात्यात शोभेल अशी, "पर्यायी व्यवस्था कुठे आहेऽ?" हरिणीने कान टवकारले, पण ती पळाली नाही. देवयानीही उठली नाही. साडेनऊला अजून साडेतीन तास होते.

निधीने एकदा तळाकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि हरणाला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात एक प्रश्न विचारला. वाचकांपैकी ज्यांच्यासमोर आत्ता आयता चहा येऊन ठेपलाय, त्यांना त्याचं उत्तर नक्की देता येईल.

"आई, तू इथे आहेस, मग तिकडे आई कोण आहे?"